बूम खाली ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर जिल्ह्यात एका मराठी न्यूज चॅनेलसाठी तुम्ही सात वर्षं तालुका प्रतिनिधी म्हणून काम करताय. बातमीमागे मिळणारे पैसे चार-चार महिने थकतात. अमेरिकेत केबल न्यूज संपत चालल्याचं वाचलंत आणि वाटलं की आपल्याकडेही तेच होणार. मग चॅनेलचा बूम, म्हणजे लोगो लावलेला माइक, परत करून स्वतःचं यूट्यूब सुरू करावं का?

2007 साली मराठीत चोवीस तासांच्या बातम्यांची लाट आली, तेव्हा मी डेस्कवर कॉपी लिहायला लागले. पुढे रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम लावण्याचं काम, मग संध्याकाळच्या बुलेटिनची जबाबदारी, आणि गेली काही वर्षं डिजिटल टीम. टीव्हीवरून मोबाइलकडे प्रेक्षक सरकताना मी दोन्ही बाजूंना बसून पाहिला आहे. त्या अनुभवावर सांगते. तुमच्या घरची परिस्थिती, कर्ज, तालुक्यात आधीच किती यूट्यूबवाले आहेत, यातलं मला काही माहीत नाही. शेवटचा निर्णय या गोष्टींवर बराचसा ठरेल.

टीव्ही संपतोय की नाही, याला माझ्या मते तुमच्यासाठी फार महत्त्व नाही. तुमच्या तालुक्यातली बातमी बघणारा माणूस आता कुठे बसला आहे, आणि त्या बातमीचे पैसे कोण देणार, हे दोन प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. लोक ती एकच समजतात आणि तिथेच फसतात.

आधी अमेरिकेचं बघू, कारण तुमची भीती तिथून आली आहे. सीएनएन 1980 साली सुरू झालं. तिथल्या केबल न्यूजला पैसा दोन नळांतून येतो. एक जाहिरातीचा. दुसरा केबल कंपनीकडून दर घरामागे दरमहा मिळणाऱ्या रकमेचा. घरातलं कुणी फॉक्स न्यूज लावो न लावो, बिलातून त्यांचा वाटा जातोच. त्यामुळे वर्षानुवर्षं प्रेक्षक म्हातारा होत गेला तरी तिजोरी भरलेली राहिली. घरांनी केबलच तोडायला सुरुवात केली, तेव्हा हा दुसरा नळ बारीक झाला. मे 2025 मध्ये, टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत तिथल्या टीव्हीच्या पडद्यावर स्ट्रीमिंगचा वाटा 44.8 टक्के झाला. केबल आणि अँटेनावर दिसणाऱ्या प्रक्षेपण वाहिन्या एकत्र धरूनही त्याच्या खाली गेल्या, आणि हे पहिल्यांदाच घडलं. त्याच वर्षीच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अहवालात बातमीसाठी समाजमाध्यमं आणि व्हिडिओ वापरणारे अमेरिकन 54 टक्के, तर टीव्ही बघणारे 50 टक्के होते. कॉमकास्ट या तिथल्या बड्या केबल कंपनीने आपली बरीचशी केबल चॅनेलं व्हर्संट नावाच्या वेगळ्या कंपनीत काढली आणि त्यांतल्या एमएसएनबीसी या न्यूज चॅनेलचं नाव नोव्हेंबर 2025 मध्ये एमएस नाऊ झालं. राजकारण्यांना हे आधीच कळलं होतं. 2024 च्या निवडणुकीआधी ट्रम्प जो रोगनच्या पॉडकास्टवर जवळजवळ तीन तास बोलत बसले.

आपल्याकडे मात्र हा नळ उलटा आहे. बहुतेक मराठी न्यूज चॅनेलं प्रेक्षकाला फुकट दिसतात. केबलवाल्याने आपल्याला दाखवावं, चांगल्या क्रमांकावर ठेवावं म्हणून चॅनेलच त्याला पैसे मोजतं. सेट टॉप बॉक्स सुरू केल्यावर आपोआप जे चॅनेल आधी लागतं, त्याला लँडिंग पेज म्हणतात. ती जागासुद्धा विकत घेतली जाते. म्हणजे तुम्ही तालुक्यात पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालून बातमी पाठवता आणि मुंबईत बजेटचा मोठा तुकडा बातमी करण्यावर न जाता, ती दिसावी यावर जातो. ही गोष्ट मला कळायला सहा वर्षं लागली. नंतर डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी ती पहिल्याच आठवड्यात सांगत आले.

मग उरते जाहिरात, आणि जाहिरात येते टीआरपीवर. कोणतं चॅनेल किती बघितलं जातं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी 2015 पासून आहे. देशात टीव्ही असलेली घरं 21 कोटींच्या आसपास, आणि मीटर बसवलेली घरं पंचावन्न हजारांच्या थोडी वर. साधारण चार हजार घरांच्या वतीने एक घर बोलतं, असा हिशेब झाला. मनोरंजनाच्या मोठ्या चॅनेलला हे पुरतं. बातम्या बघणारे मुळात थोडे, त्यात मराठी, त्यात तुमचा जिल्हा, एवढी चाळणी लावल्यावर हातात काय उरतं ते तुम्हीच बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघालं, बार्कने न्यूजचे आकडे थांबवले, ते थेट मार्च 2022 मध्ये परत सुरू झाले. दीड वर्ष आकडे नव्हते आणि तरी चॅनेलं चालली. पण त्या काळात जाहिरातदारांना मोबाइलवरचे आकडे रोज, मिनिटामिनिटाला दिसायची सवय लागली. ती सवय काही सुटली नाही.

आकडे असताना काय व्हायचं, तो एक गुरुवार सांगते. गुरुवारी सकाळी आकडे यायचे आणि अकरा वाजता आमची बैठक. पडद्यावर मिनिटामिनिटाचा आलेख. आदल्या आठवड्यात आमच्या बीडच्या प्रतिनिधीने टँकरच्या रांगेवर पाच मिनिटांचं पॅकेज, म्हणजे दृश्यं आणि निवेदन जोडलेली तयार बातमी, केलं होतं. घागरी लावून रात्र काढणाऱ्या बायका, पहाटे तीनला आलेला टँकर, आणि एक बाई पाणी सांडू नये म्हणून नळीचं तोंड हाताने दाबून धरते, ते दृश्य. फार चांगलं काम होतं. पण आलेख दुसऱ्या मिनिटाला खाली घसरलेला होता. त्यानंतर स्टुडिओत चार खिडक्यांमध्ये चार प्रवक्ते भांडत होते, तिथे आलेख आडवा, स्थिर. बैठकीत कुणी ओरडलं नाही. कुणी फक्त म्हणालं, "पॅकेज दीड मिनिटाच्या वर नको." पुढच्या आठवड्यापासून मी स्वतः कात्री चालवली. त्या प्रतिनिधीने सहा महिन्यांनी तसलं काही पाठवणं बंद केलं. का बंद केलं, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लोक म्हणतात मोबाइलने टीव्हीच्या बातम्या मारल्या. ते अर्धवट आहे. एका चर्चेला लागतो एक अँकर, एक स्टुडिओ आणि फुकट येणारे पाहुणे. बीडला युनिट पाठवायचं तर गाडी, कॅमेरामन, मुक्काम आला. सकाळी भांडुपला संजय राऊत माध्यमांशी बोलतात. दहा वाजता ते बोलले की बारापर्यंत सत्ताधाऱ्यांच्या प्रतिक्रिया आणि संध्याकाळी त्यावर चर्चा. एका जागी उभ्या केलेल्या एका कॅमेऱ्यावर दिवस निघतो. राऊत किंवा त्यांना उत्तर देणारे, यांत कुणाची चूक म्हणत नाही. त्यांना बोलायचं असतं, ते बोलतात. पण वर्षानुवर्षं हाच स्वस्त माल लावल्यामुळे सगळी चॅनेलं सारखी दिसायला लागली. त्यांतलं एक लावलं काय नि दुसरं लावलं काय, फरक राहिला नाही. प्रेक्षकाने उठून जाण्याची तयारी आम्ही करून ठेवली होती. मोबाइलने त्याला जायला जागा दिली.

ती जागा 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर झाली. त्याआधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये पडायचे, पुढे काही वर्षांत ते दहा रुपयांच्या आसपास आले. इकडे फेब्रुवारी 2019 मध्ये केबल-डीटीएचचे नियम ठरवणाऱ्या ट्रायचे नवे दर लागू झाले. चॅनेलं निवडून घ्या, शंभर चॅनेलांचे 130 रुपये अधिक कर, वरच्यांचे वेगळे. पुष्कळ घरांचं बिल वाढलं. ज्यांना परवडेना त्यांनी डीडी फ्री डिशची छत्री बसवली, ज्यांना जमलं त्यांनी स्मार्ट टीव्ही घेऊन वायफाय जोडलं. ट्रायच्याच आकड्यांत पैसे भरणारे डीटीएच ग्राहक 2020 च्या अखेरीस सुमारे 7 कोटी होते, मार्च 2025 मध्ये 5 कोटी 69 लाख राहिले.

मिरजेला माझी मावशी राहते. रोज संध्याकाळी सातच्या बातम्या, हा तिचा तीस वर्षांचा नेम. गेल्या गणपतीत गेले तर ती टीव्हीवरच बातम्या बघत होती, पण यूट्यूबवर. केबलचं रिचार्ज संपून अकरा दिवस झाले होते आणि घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी विचारलं, "मावशी, हे कोणतं चॅनेल?" तिला नाव सांगता आलं नाही. म्हणाली, "तो मुलगा चांगलं समजावून सांगतो गं." चॅनेलचा लोगो तिच्या डोक्यातून गेला होता, माणूस राहिला होता. शेजारच्या खोलीत तिचा नातू मोबाइलवर त्याच विषयाचं बरोब्बर उलटं सांगणाऱ्या दुसऱ्या मुलाला ऐकत होता. जेवायला बसल्यावर दोघांकडे वेगवेगळ्या बातम्या होत्या. भांडण झालं नाही, पण बोलणंही झालं नाही.

मला जे सर्वांत जास्त लागतं ते हे आहे. आधी घरात एक टीव्ही होता. क्रिकेटचा स्कोअर बघायला बसलेल्या माणसाच्या कानावर दुष्काळ पडायचा, आपल्या पक्षाचा नेता ऐकायला बसलेल्याला विरोधकाचं एखादं वाक्य ऐकावं लागायचं. आता बातमी माणसाला शोधत येते आणि त्याला कालपर्यंत जे आवडलं तेच घेऊन येते. मराठी राजकारणाचा प्रेक्षक कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. कीर्तनाला जमावेत तसे लोक तासतासभर राजकीय विश्लेषण ऐकतात. फक्त ते एका मांडवात नाहीत.

बातमीचा प्रवासही उलटा झाला आहे. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जून 2022 मध्ये शिंदे गटाचे आमदार गुवाहाटीला होते. सगळ्या चॅनेलांचे प्रतिनिधी हॉटेलच्या फाटकाबाहेर उभे, आत काय चाललंय कुणाला पत्ता नाही. तेवढ्यात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील." ती ऑडिओ क्लिप मोबाइलवरून मोबाइलवर गावोगाव पोहोचली आणि आम्ही ती स्टुडिओत घेऊन दाखवली. फाटकाबाहेर उभ्या केलेल्या लाखो रुपयांच्या सरंजामापेक्षा एका फोनच्या रेकॉर्डिंगने लोकांना आतली जास्त माहिती दिली. पुढच्या वर्षी अंतरवाली सराटीला 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, तेव्हाही लोकांनी आपल्या फोनवर काढलेले व्हिडिओच पुढे गेले. नंतर मनोज जरांगे यांच्या सभांची अख्खी भाषणं लोकांनी मोबाइलवर ऐकली. टीव्हीवर त्यांना त्यातली मोजकी मिनिटं मिळत होती.

मग पक्ष आजही चॅनेलांवर प्रवक्ते का पाठवतात? क्लिपसाठी. रात्रीच्या चर्चेत प्रवक्ता अँकरकडे बघत असला तरी त्याच्या कार्यालयात बसलेला मुलगा चाळीस सेकंदांचा तुकडा कापत असतो, दहा मिनिटांत तो मतदारसंघाच्या ग्रुपवर जातो. स्टुडिओ, लोगो, खालची पट्टी यांनी त्या तुकड्याला वजन येतं. चॅनेल ही आता पक्षांची क्लिप तयार करण्याची जागा झाली आहे, आणि चॅनेलला त्याचा एक रुपया मिळत नाही. पैसा कुठे जातो हे बघायचं असेल तर गुगल आणि मेटा यांची राजकीय जाहिरातींची नोंद सगळ्यांसाठी खुली आहे. महाराष्ट्र निवडा आणि निवडणुकीचे महिने बघा. अर्धा तास लागेल, पण तुम्हाला माझ्या सांगण्यापेक्षा जास्त कळेल.

आतापर्यंतचं एवढंच लक्षात ठेवा: प्रेक्षक मोबाइलवर आणि स्मार्ट टीव्हीवरच्या यूट्यूबवर गेला आहे, तो परत येईल असं मला वाटत नाही. निकालाचा दिवस, शपथविधी, मोठा अपघात, अशा वेळी टीव्ही अजून लागतो. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल बघायला आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक घरात तो लागला होता. पण त्या दिवसाची कमाई वर्षभर पुरत नाही.

आता पैशांचं. इथे मी तुम्हाला उत्साहाने "सोडा" म्हणणार नाही.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचं बघणं लागतं. नाहीतर शॉर्ट्सवर 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के आपल्याला मिळतात. पण तालुक्याच्या बातमीला लाखभर माणूस मिळणं कठीण, आणि मराठी प्रेक्षकामागे जाहिरातीचा दर कमी. पुण्या-मुंबईत बसून राज्याच्या राजकारणावर बोलणाऱ्याला अमेरिकेतला, आखातातला मराठी माणूसही बघतो. तिथला दर बरा असतो. पाणीपुरवठा योजनेच्या बातमीला तो येणार नाही. म्हणून हळूहळू तालुक्यातलेही सगळे मुंबईच्या राजकारणावर बोलायला लागतात. "मोठा भूकंप", "पडद्यामागे काय घडलं" असे मथळे, मागे नेत्यांचे फोटो. हे करणारे आधीच शेकडो आहेत, आणि त्यात तुमच्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही?

तुमच्याकडे तालुका आहे. बाजार समितीत डाळिंबाला आज काय भाव निघाला, टेंभू सिंचन योजनेचं पाणी कोणत्या गावापर्यंत आलं, पंचायत समितीच्या सभेत कोणत्या ठरावाला कुणी विरोध केला. हे रोज, नेमाने देणारा माणूस तालुक्यात बहुधा नसतो. माझ्या पाहण्यात जिल्ह्याच्या पातळीवर टिकलेले जे दोन-तीन जण आहेत, त्यांचं पोट यूट्यूबच्या पैशांवर भरत नाही. कृषी सेवा केंद्र, दवाखाना, सराफ, शिकवणी वर्ग यांच्या थेट जाहिरातींवर ते चालतात. त्यासाठी लोकांचा विश्वास लागतो आणि तो यायला दीड-दोन वर्षं जातात. तेवढे दिवस घर कशावर चालेल, याचं उत्तर आधी काढा. शेती किंवा घरात दुसरा पगार असेल तर गोष्ट वेगळी. तुमची एकट्याची कमाई असेल तर बूम आत्ताच परत करू नका. चॅनेलशी काही लेखी करार असला तर तो वाचा, बाहेर काम करायला मनाई आहे का ते बघा. बहुतेक तालुका प्रतिनिधींकडे साधं नेमणूकपत्रही नसतं. तसं असेल तर समांतर सुरू करा, पण चॅनेलसाठी काढलेलं फुटेज स्वतःच्या चॅनेलवर टाकू नका. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक 90 दिवसांत आले की चॅनेल बंद होतं, दोन वर्षांची मेहनत एका मेलने जाते. दुसऱ्या वृत्तसंस्थेची दहा सेकंदांची क्लिपसुद्धा उचलू नका.

निवडणूक आली की उमेदवार पैसे देऊन बातम्या छापून घ्यायचं, म्हणजे प्रचाराचं 'पॅकेज' घेऊन दारात येतील. चॅनेलमध्ये असताना "दिवाळी विशेष"च्या जाहिराती गोळा करायला तुम्हाला पाठवलं गेलं असेल. आम्ही तुमच्यासारख्यांना पाठवलं आहे, आणि ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याकडेच पावतीपुस्तक घेऊन जायला लावलं आहे. त्याची मला लाज वाटते. स्वतःच्या चॅनेलवर हे पहिल्या दिवसापासून टाळता येतं. उमेदवाराची जाहिरात घ्यायची तर जाहिरात म्हणूनच घ्या, जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीचं प्रमाणपत्र बघून घ्या, आणि व्हिडिओवर ठळक "जाहिरात" लिहा. बातमीच्या वेषात एकदाही नाही. गावात कुणाचा पैसा कुणाकडे आला हे चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत कळतं.

मारहाण आणि खटले यांचाही विचार करा. वाळूची बातमी दिलीत तर चॅनेलचा बूम थोडं तरी संरक्षण देतो, निदान ठाण्यात फोन करणारा कुणी मुंबईत असतो. एकटे असाल तर तो नसतो. म्हणून मी एकट्याने सुरू करायच्या विरोधात आहे. शेजारच्या दोन-तीन तालुक्यांतले तुमच्यासारखेच थकलेले प्रतिनिधी शोधा, एक नाव ठेवा, एक वकील ओळखीचा करून ठेवा, कागदपत्रं नीट करा.

आणि सुरुवात भाषणाने करू नका. कॅमेऱ्यासमोर बसून मतं मांडणं सोपं वाटतं, पण तालुक्यात तुमचं मत ऐकायला कुणी आलेलं नसतं. पहिले तीन महिने पंचायत समितीची आणि नगरपालिकेची प्रत्येक सभा आणि बाजार समितीचे भाव, एवढंच द्या. व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा असला तरी चालेल. मध्येच लोक सोडून जातात का, ते आलेखात दिसेल. दिसलं तरी पॅकेज दीड मिनिटाचं करू नका. टँकरच्या रांगेतली ती बाई दुसऱ्या मिनिटाला आमच्या बार्कच्या आलेखातून गेली असेल, पण तो तिच्या गावच्या लोकांचा आलेख नव्हता. तुमचा असेल. तुमच्या पंचायत समितीची पुढची सभा कधी आहे ते बघा, त्याच दिवशी पहिला व्हिडिओ काढा, आणि तीन महिन्यांनी काय झालं ते मला जरूर कळवा.